उजव्या हाताच्या बांगड्या

आधी मावशीचं सांगते, मग काय झालं ते.

रेवदंड्याजवळ समुद्राकडे तोंड करून हस्तकलेच्या वस्तूंची आमची छोटी गॅलरी आहे. तिच्या कुंपणाबाहेर, सुरूच्या झाडाखाली, मावशी सुकी मासळी घेऊन बसते. जवळा, सोडे, बोंबील. ती माझ्या आईची बहीण नाही. आमचं गाव एक नाही, जात एक नाही, बोलीसुद्धा एक नाही. तरी आज माझ्या हाताला काम आहे आणि गॅलरीच्या मागच्या खोलीची चावी माझ्या कमरेला आहे, ती तिच्यामुळे. कोळीवाड्यात ती धवलारीण म्हणून ओळखली जाते. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत जे धवले गायचे असतात, ते ती गाते. तिच्याशिवाय तिकडे लग्न लागत नाही असं लोक म्हणायचे. आता 'म्हणायचे' असं लिहावं लागतं, त्याला कारण मी.

मी वाशीमकडची. आमचा धंदा पटवेकऱ्याचा. बाबा आठवडी बाजारात पथारी टाकून बसायचे आणि बायांच्या गळ्यातल्या पोती, मंगळसूत्रं, मुलांचे करगोटे गाठवून द्यायचे. पायाच्या अंगठ्यात धागा अडकवायचा, दातात दुसरं टोक धरायचं आणि गाठ अशी मारायची की सोडवायला गेलं तर धागा तुटेल पण गाठ सुटणार नाही. बाबांची नजर अधू झाली तेव्हा मी आठवीत होते. त्यांच्याजवळ बसून मणी ओवायला कोणी तरी हवं होतं. शाळा सुटली ती सुटलीच. पुढे बाजारात तयार पोती आल्या, पथारीवर माणूस थांबेना. मामेभाऊ अलिबागजवळ एका रिसॉर्टात स्वयंपाकी होता, त्याच्या ओळखीने मी खोल्या झाडायला इकडे आले. तिथे उतरलेल्या एका बाईंची मोत्यांची माळ तुटली, मी ती बसल्या बसल्या गाठवून दिली. त्या बाईंची इथे गॅलरी होती. त्याच आमच्या ताई.

पहिल्या दिवशी गॅलरीच्या दारात उभी राहिले आणि सुकटीच्या वासाने मला कोरडी ओकारी आली. झाडाखालची बाई हसायला लागली.

"घाटावरची दिसतंस गो! नाक बंद कर नि तोंड उघड. चार दिवसांत हाच वास नसला तर तुना झोप यायची न्हाय."

मग तिने पदराच्या गाठीतून लिंबाची फोड काढून दिली. त्या दिवसापासून ती मला 'घाटी' म्हणते आणि मी तिला मावशी. दुपारी तांदळाची भाकरी आणि कालवण ती डब्यात दोघींचं आणायची. मला काटे काढता येत नव्हते, तिने शिकवलं. मला कशाचीही भीती वाटते: गिऱ्हाइकाशी बोलायची, काच फुटायची, काम जाईल याची, आईचा फोन वेळेवर आला नाही तर त्याची. ते तिने ओळखलं होतं. "तुझा जीव पापलेटाएवढा न्हाय, जवल्याएवढा हाय," म्हणायची.

गॅलरीत मावशी कधी येत नसे. ताईंनी एकदा फार गोड शब्दांत सांगितलं होतं, की टोपली आत नको, कपड्याच्या वस्तूंना वास लागतो. मावशीने टोपलीही नेली नाही आणि स्वतःही गेली नाही. त्यामुळे मी आत काय बनवते ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

आमच्याकडे करवंटीचे दिवे असतात, मातीची भांडी असतात, शिंपल्यांच्या माळा असतात. शिंपल्याचे दागिने मात्र या किनाऱ्यावर जो तो विकतो. ताई म्हणाल्या, काहीतरी वेगळं शोध. ओहोटीला मी किल्ल्याच्या तटाखाली खडकांत फिरायला लागले. खाडीचं पाणी समुद्राला मिळतं तिथून प्रवाह वळतो आणि खडकांच्या खाचांत काय काय आणून टाकतो: दोरखंड, बुचं, चपला. त्या खाचांत मला काच सापडली. हिरवी. बांगडीचे तुकडे होते ते, आणि पाण्याने घासून घासून त्यांची धार गेली होती. काही अगदी दुधाळ झालेले, जुने. काही अजून चमकणारे.

मला वाटलं, बायका समुद्रावर येतात, कुणाची बांगडी फुटते, वाहून येते. एवढाच विचार मी केला.

त्या तुकड्यांना भोक पाडायचं तर ते पाण्यात बुडवून, अगदी हळू पाडावं लागतं. घाई केली की काच तडकते. मी रंगाप्रमाणे तुकडे लावले, चंदेरी तारेत बसवले, बाबांच्या गाठीने रेशमात गाठवले. कानातले, गळ्यातल्या माळा. ताई खूश झाल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे लोक येत, ते आधी हिरव्या काचेकडे वळत. चिठ्ठीवर ताईंनी लिहिलं होतं, 'समुद्राने घडवलेले'. मला ते वाचून बरं वाटायचं. शाळा सोडलेल्या मुलीच्या हातचं काम समुद्राच्या जोडीने लिहिलंय असं वाटायचं.

पावसाळा संपता संपता मला एक अख्खी बांगडी मिळाली. जाळ्याच्या तुकड्यात गुंतून बसली होती म्हणून वाचली असावी. गर्द हिरवी, तिच्यावर सोनेरी नागमोडी रेघ. मी ती कापली नाही. मधोमध ती, दोन्ही बाजूंना तुकडे, अशी एक मोठी माळ केली आणि दारासमोरच्या भिंतीवर टांगली.

आता त्या दिवसाचं.

हवा फिरली होती. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला होता आणि बोटी एकेक करून परत येत होत्या. मावशीच्या मुलाची बोट आली नव्हती. मुलगा तिचा एकुलता एक, लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मावशी झाडाखाली बसली होती पण टोपलीवरचं कापड तिने काढलंच नव्हतं. फोन हातात धरून नुसती बसली होती. मी चहा नेला तर म्हणाली, "ठेव." चहावर साय धरली.

दुपारी तिची सून तिला न्यायला आली. मी तिला वहिनी म्हणते. माझ्याच वयाची, हसरी. त्या दिवशी तिचा चेहरा ओढलेला होता. तेवढ्यात वारा सुटला, वाळू डोळ्यांत जायला लागली आणि पावसाचे जाड थेंब पडायला लागले. ताई अलिबागला गेल्या होत्या. मी धावत बाहेर गेले आणि दोघींना म्हटलं, "आत चला. ताई नाहीयेत. आणि असत्या तरी चला."

मावशी म्हणाली, "टोपली भायेर ठेवतंय."

"टोपलीपण आणा," मी म्हटलं आणि मीच ती उचलली. माझ्या स्वभावात नसलेलं धाडस होतं ते. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

दोघी आत आल्या. मी पुसायला टॉवेल शोधत होते. पाठमोरी होते. वहिनीचा आवाज आला, पण शब्द नव्हता, घशातून नुसता आवाज. वळून पाहिलं तर ती भिंतीसमोर उभी होती. डाव्या हातातल्या बांगड्या तिने दुसऱ्या हाताने वर सरकवल्या आणि मनगट त्या माळेजवळ नेलं. गर्द हिरवं. सोनेरी नागमोडी रेघ. हुबेहूब.

"ही माझी," ती म्हणाली. "आई, ही माझी बांगरी हाय. उजव्या हाताची."

मला काही कळेना. मी बावळटासारखी म्हटलं, "वहिनी, सापडली ती मला. तुमची हरवली होती का? काढून देते."

मावशी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला समजलं असतं. राग नव्हता. ती अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "हरवली न्हाय गो. दिली होती."

मग तिने आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. मी तो हात रोज पाहत होते. त्या हाताने तिने मला काटे काढायला शिकवलं होतं. कोळणींचा उजवा हात मोकळा असतो हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, मासे कापताना, तराजू धरताना बांगड्यांची अडचण होत असेल. एवढ्या महिन्यांत मी विचारलंसुद्धा नव्हतं. आता तिनेच सांगितलं: लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात. ह्या तुझ्या, आता माझ्या नवऱ्याला तू सांभाळ. आता सगळे करत नाहीत, पण मावशीच्या घरात करतात. आणि ज्या ज्या घरात करतात, तिथे त्या वेळी धवला म्हणायला मावशीच असते.

म्हणजे मी काचेचे तुकडे गोळा करत नव्हते. मी अख्ख्या कोळीवाड्याचे उजवे हात गोळा केले होते. भोकं पाडून, तारेत बसवून, भिंतीवर टांगून विकत होते. आणि बोट अजून आली नव्हती.

मी खाली बसले. वहिनी रडत बाहेर गेली आणि रस्त्यावरून बंदराकडे निघालेल्या बायकांना तिने हाका मारल्या. तिच्यामागून पाच-सहा जणी आत आल्या. ओल्या, डोक्यावर पदर, कपाळाला आठ्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीने कानातल्यांचा एक जोड हातात घेतला, बोटाने चाचपला आणि विंचू चावल्यासारखा खाली टाकला.

"कोनी काढलं ह्ये?"

म्हातारी माझ्याकडे वळली.

"ह्या घाटी पोरीनं? दर्याच्या तोंडातलं काढून विकतंय? आनी आपली पोरं भायेर हायत!"

"हिला आजच्या आज गाडीत बसवा," दुसरी म्हणाली. "मालकीण येऊं दे, तिलापन बघतंव."

मला बोलायचं होतं, मला माहीत नव्हतं. तोंडातून फक्त "मी, मी" एवढंच निघत होतं. मी मनातल्या मनात पिशवी भरायला लागले होते, खोटं कशाला सांगू. आईला काय सांगायचं, एसटी कुठून मिळेल, इथपर्यंत पोचले होते.

तेव्हा मावशी म्हणाली, "तिला बोलू नका. मीच सांगितलं तिना."

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मीच दाखवली जागा. खडकांत काच मिलते, उचल म्हटलं. पोर नवी हाय, तिना काय ठावं? मना बोला काय बोलायचं ते."

म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "तू? तू धवलारीन असून?"

"व्हय. मी."

मी मान वर करून मावशीकडे पाहिलं. मला वाटलं, मला भ्रम झालाय. तिने मला कधीच काही दाखवलं नव्हतं. ती खडकांकडे फिरकतही नव्हती. तिचा मुलगा त्या वाऱ्यात कुठेतरी होता, तिची सून भिंतीला टेकून रडत होती, आणि ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. असं खोटं, की जे तिच्यासारख्या बाईला कोणी माफ करणार नाही. मी तोंड उघडलं तर तिने फक्त हात केला. उजवा. मी गप्प बसले. आजही मला समजत नाही, की मी भ्याले म्हणून गप्प बसले की तिचं ऐकलं म्हणून.

बायका गेल्या. जाताना म्हातारी दारात थुंकली नाही एवढंच.

ताई आल्या तेव्हा मी सगळ्या माळा आणि कानातले उतरवून एका परातीत काढत होते. काय झालं ते मी सांगितलं. ताई खुर्चीत बसल्या, त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, त्यांना कळलं.

"किती सुंदर आहे गं हे," त्या म्हणाल्या. "नवऱ्यासाठी समुद्राला दिलेल्या बांगड्या! हे आपण चिठ्ठीवर लिहायला हवं होतं. लोक वेडे होतील."

दुपारपासून जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा मला त्या वाक्याचा बसला. ताई वाईट नाहीत. मला पगार वेळेवर देतात, ताप आला तर डॉक्टरकडे नेतात. म्हणूनच मी हबकले. मी म्हटलं, "ताई, हे मी परत देणार आहे."

"कुणाला?"

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

ताईंनी परातीतला एक जोड उचलला आणि पुन्हा ठेवला. म्हणाल्या, "विकलेले तर नाही आणता येणार."

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मुंबईत, पुण्यात, कुठल्या कुठल्या कपाटांत, कानांत ते तुकडे होते. कुणाच्या नवऱ्यासाठी दिलेले, कुणाला ठाऊक. अजूनही शनिवारी एखाद्या बाईच्या कानात हिरवं दिसलं की मी मागच्या खोलीत निघून जाते.

ताईंनी अडवलं नाही. छत्री दिली.

पाऊस ओसरला होता, उजेड होता अजून. मावशी, वहिनी आणि मी खाडीच्या मुखाशी गेलो. वहिनी माझ्याशी बोलत नव्हती. खडकावर बसून मी ब्लेडने एकेक गाठ कापली. बाबांची गाठ सुटत नाही, कापावीच लागते. तारा काढल्या, नुसती काच ठेवली. ओहोटी लागली होती, पाणी बाहेर ओढत होतं. मावशी म्हणाली, "टाक आता. तुझ्याच हातानं."

मी ओंजळीने टाकले. आवाजसुद्धा झाला नाही. अख्खी बांगडी वहिनीने घेतली, कपाळाला लावली आणि सोडली. मावशी गाईल असं मला वाटत होतं. तिने ओठ हलवले, पण गाणं आलं नाही.

सकाळी फोन आला. बोट हरिहरेश्वरच्याही खाली एका खाडीत शिरून थांबली होती. इंजिनाने दगा दिला होता, फोनची बॅटरी संपली होती, सगळे सुखरूप होते. मी झाडाखालीच होते. मावशीने मुलाचा आवाज ऐकला, डोळे मिटले, आणि मग जी सुरू झाली ती थांबेना.

"मेल्या, फोन कशाला घेतलास मग? भजी तलायला? बायको हितं सुकून बोंबील झाली! जेवलास का?"

वहिनी हसायला लागली, मग रडायला लागली. मग तिने माझा हात धरला. मी तर आधीपासूनच रडत होते.

मी मावशीला एकदाच विचारलं, बांगड्या परत दिल्या म्हणून बोट आली का?

"मना काय ठावं," ती म्हणाली. "इंजिन बिघडलं म्हनून थांबले, असं पोरगा सांगतंय."

"आणि नसते आले तर? तरी तुम्ही माझी बाजू घेतली असती?"

ती सोडे निवडत होती. मान वर केली नाही. "बाजू घेतली तवा आलते काय ते?"



पण त्या खोट्याची किंमत मावशीने मोजली. त्या हंगामात वाड्यातल्या पहिल्याच लग्नाला दुसऱ्या गावची धवलारीण बोलावली. हळदीच्या दिवशी मांडवातला लाउडस्पीकर इथपर्यंत ऐकू येत होता. मावशी झाडाखाली बसून गिऱ्हाइकाला जवळा मोजून देत होती. परक्या बाईने एक ओळ चुकवली, तेव्हा तिचा हात तराजूवर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

मला ते बघवेना. मी वहिनीला गाठलं आणि खरं काय ते सांगून टाकलं, की मावशीने मला काही दाखवलं नव्हतं, सगळं माझंच होतं. वहिनी पाण्याचा हंडा उतरवत होती.

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "आईचं गुडघं दुखतात. ती खडकांवर जातंय कवा?"

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुना काढली असती." हंडा तिने खाली ठेवला. "लय राग आलता तुझा. पन आई खोटं बोलली म्हनजे तिनं कायतरी ठरवलं असंल. आता मी सांगेन बायांना. तू नको मधे पडू, तुझ्या तोंडून निघायचं न्हाय नीट."

तिने सांगितलं. काहींनी मानलं, काहींनी नाही. मावशीला आता पुन्हा बोलावणी येतात, पण पहिल्यासारखी नाहीत, आणि त्या म्हातारीच्या घरून तर नाहीतच. मी विषय काढला की मावशी म्हणते, "घाटी, तुझं काम बघ." मी आता करवंटीचे मणी करते. हिरव्या काचेला हात लावत नाही, आणि सापडलेलं काहीही उचलायच्या आधी झाडाखाली जाऊन विचारते. मावशी वैतागते. "बूच हाय ते! बाटलीचं बूच! घे की!"

एकदा तिने मला विचारलं होतं, तुमच्याकडे दर्या नाही तर बाया आपल्या नवऱ्यांना कोणाच्या हवाली करतात?

माझी धाकटी बहीण बारावीला आहे. तिचं लग्न अजून लांब आहे, आणि ती शिकेल तितकं तिला शिकू द्यायचं असं मी आईला बजावलंय. पण ज्या वर्षी ते ठरेल त्या वर्षी मी मावशीला गाडीत खिडकीशी बसवून वाशीमला नेणार आहे. लिंबू मी बरोबर घेईन, घाट लागला की तिला लागेल. आमच्या मांडवात तिला पाटावर बसवीन आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे धवले तिने म्हणायचे. एक शब्द कोणाला कळला नाही तरी चालेल. बांगड्या भरायला कासार आला की बाया मावशीचे दोन्ही हात पुढे ओढतील. तेव्हा मी मधे पडेन आणि सांगेन, नाही, हिचा फक्त डावा भरा.